सेंद्रिय शेतीवर, जनावरांच्या सोबतीने शिकाऊ काम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरहून महूकडे जाणाऱ्या बाजूला आमची साडेपाच एकरांची शेती आहे. तिच्यावर चार गाई, दोन वासरे, एक बैलजोडी, अकरा शेळ्या, तीसएक कोंबड्या आणि आम्ही दोन कुटुंबे राहतो. वर्षभरात एका वेळी जास्तीत जास्त दोन शिकाऊ व्यक्ती आम्ही ठेवून घेतो. इंदूरच्या मराठी घरांतून तसेच पुणे-नाशिकहूनही जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत, येथे एकत्र केले आहेत.

१. हे नेमके काय आहे? शिबिर, सहल, की नोकरी?

यांपैकी काहीच नाही. येथे वर्ग भरत नाहीत आणि व्याख्यानेही होत नाहीत. जे काम त्या दिवशी शेतीवर असते तेच आमच्या बरोबरीने करायचे आणि करता करता विचारायचे, अशी ही पद्धत आहे. किमान मुदत चार आठवड्यांची आहे. ती का, असे पुष्कळजण विचारतात. गाईच्या माजाचे चक्र साधारण २१ दिवसांचे असते आणि खताचा ढीग पंधराव्या व तिसाव्या दिवशी वरखाली करावा लागतो. चार आठवडे राहणाऱ्याला या दोन्ही गोष्टी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला मिळतात. शनिवार-रविवारपुरते येणाऱ्यांचे स्वागत आहे, पण ते पाहुणे म्हणून.

२. दिवस कसा जातो? सुट्टी असते का?

पहाटे पाचला गोठ्यात दिवा लागतो. आधी शेण उचलणे, गव्हाण झाडणे, मग धारा. सात-साडेसातला दूध निघाले की चहा आणि पोहे (जिरावण मसाला घातलेलेच, इंदूरच्या शिवेत दुसरे पोहे मिळणार नाहीत). त्यानंतर साडेअकरापर्यंत शेतातले काम असते : खुरपणी, वाफ्यांना पाणी, भाजीची तोडणी, कुंपणाची डागडुजी. दुपारी तीनपर्यंत विश्रांती. उन्हाळ्यात ती चारपर्यंत लांबते. मग वैरण कापणे, शेळ्या चारून आणणे, पाणी दाखवणे आणि सायंकाळी साडेपाचला पुन्हा धारा. दिवेलागणीनंतर कोंबड्या मोजून खुराडे बंद करणे हे शिकाऊ व्यक्तीचे काम असते. मोजणी चुकली तर मुंगूस किंवा रानमांजर ती चूक सकाळपर्यंत दाखवून देते.

आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी मिळते, परंतु ती कोणत्या वारी घ्यायची हे आपसांत आधी ठरवावे लागते. दिवाळीच्या पाडव्यालाही गाय पहाटेच हंबरते. ज्यांना हे वाक्य वाचून उत्साह वाटण्याऐवजी दडपण येते, त्यांनी आधी दोन दिवस पाहुणे म्हणून यावे, असे आम्ही सांगतो.

३. पूर्वानुभव नाही, गाईला कधी हातही लावलेला नाही. चालेल का?

चालेल. किंबहुना ज्यांनी व्हिडिओ पाहून पुष्कळ काही ठरवून ठेवलेले असते त्यांच्यापेक्षा अशी माणसे लवकर शिकतात. पंधरा किलोची पाटी उचलून शंभर पावले चालता येणे आणि उकिडवे बसता येणे, एवढी शारीरिक अपेक्षा मात्र आहे. गुडघ्याचा किंवा कंबरेचा त्रास असल्यास आधी कळवावे. बी निवडणे, रोपवाटिका, अंडी-दुधाची नोंद अशी कामेही असतात.

४. वयाची अट काय? माझा मुलगा दहावीत आहे, सुट्टीत पाठवू का?

अठरा वर्षे पूर्ण असलेल्यांनाच एकट्याने राहण्यासाठी घेतले जाते. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई आहे. शिकण्याच्या नावाखाली आम्ही या कायद्याला वळसा घालणार नाही. पालकांसोबत मुले दोन-तीन दिवस येऊ शकतात. ती कोंबड्यांना दाणे टाकतील, करडांमागे धावतील, आणि तेवढेच करतील. वरच्या वयाची मर्यादा नाही.

५. पैसे आम्ही द्यायचे की तुम्ही?

पहिल्या चार आठवड्यांत जेवणाचा प्रत्यक्ष खर्च शिकणाऱ्याने द्यावा. राहण्याचे काही घेतले जात नाही. नवख्या माणसाच्या हातून या काळात जेवढे काम होते त्याहून अधिक वेळ आम्हाला शिकवण्यात घालवावा लागतो, हे उघड आहे. दुसऱ्या महिन्यापासून जेवणही आमच्याकडून, आणि तीन महिन्यांहून अधिक राहणाऱ्याला दरमहा विद्यावेतन. त्या वेळेपर्यंत तो माणूस खरोखरच उपयोगाचा झालेला असतो आणि उपयोगाच्या माणसाला फुकट राबवणे योग्य नाही. गावातल्या मजुराचे काम काढून ते शिकाऊ व्यक्तीकडून करून घेतले जात नाही. सोयाबीनची कापणी किंवा लसूण काढणी अशा कामांना नेहमीची माणसे नेहमीच्या मजुरीवर येतातच. तुम्ही त्यांच्या ओळीत बसून शिकायचे.

६. राहण्या-जेवणाची सोय कशी आहे? उपवास सांभाळले जातात का?

गोठ्यापासून चाळीस पावलांवर दोन खोल्या आहेत. पंखा, खाट, मच्छरदाणी आणि बंद स्नानगृह आहे. गरम पाणी बंबाचे. जेवण शाकाहारी असते : सकाळी पोळी-भाजी, रात्री बहुधा खिचडी किंवा ज्वारीची भाकरी, रविवारी दाल-बाफले. एकादशी, चतुर्थीचे उपवास सांभाळले जातात; मात्र निर्जळी उपवास करून उन्हात काम करू दिले जात नाही. त्या दिवशी सावलीतले काम मिळेल.

७. मुलगी एकटी येणार आहे. सुरक्षिततेचे काय?

हा प्रश्न आयांकडून येतो आणि तो विचारलाच पाहिजे. आमच्या घरातील दोन स्त्रिया शेतीवरच राहतात, मुलींची खोली घराच्या ओसरीला लागून आहे आणि तिला आतून कडी आहे. अंधार पडल्यावर कोणालाही, मुलगा असो वा मुलगी, एकट्याने विहिरीकडे किंवा ओढ्याकडे पाठवले जात नाही. पालकांनी येण्याआधी एक दिवस येऊन सर्व पाहून जावे. पूर्वी राहून गेलेल्या मुलींशी, त्यांच्या संमतीने, बोलणेही करून देता येते.

८. पाळीच्या दिवसांत गोठ्यात गेलेले चालते का?

चालते. आमच्याकडे त्याचा कोणताही निर्बंध नाही आणि गाईला त्याने काही होत नाही. कुणाला त्या दिवसांत हलके काम हवे असल्यास कारण न देता तसे सांगावे. पॅड खताच्या ढिगात टाकू नयेत; त्यासाठी वेगळा झाकणाचा डबा आहे.

९. कोणत्या महिन्यात यावे?

हे तुम्हाला काय शिकायचे आहे यावर अवलंबून आहे, आणि काय सोसवते यावरही. माळव्याची माती काळी, खोल आणि चिकट आहे. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की गमबूटाला किलोभर चिखल चिकटतो आणि बूट जागेवर राहून पाय तेवढा वर येतो. तरीही पेरणी पाहायची असेल तर हेच दिवस. साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडून ओल खोलवर गेल्याशिवाय सोयाबीन पेरू नये अशी शिफारस आहे, आणि आभाळाकडे व शेजाऱ्याच्या तिफणीकडे आळीपाळीने पाहत धीर धरणे हा त्या महिन्याचा खरा धडा आहे. जुलै-ऑगस्ट हे तणाचे, माश्यांचे, गोचिडांचे आणि ओल्या गोठ्याचे महिने. जनावरांचे आरोग्य शिकण्यासाठी हा काळ सर्वांत उत्तम व राहण्यासाठी सर्वांत गैरसोयीचा.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघते, लसूण लावला जातो. नोव्हेंबरमध्ये गहू व हरभरा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते, धार काढताना बोटे आखडतात, पण भाजीपाला भरपूर असतो आणि अर्जही याच महिन्यांसाठी सर्वाधिक येतात. मार्चमध्ये गव्हाची कापणी. एप्रिल-मे रिकामे असतात असे समजू नये : तेव्हा बांध, कुंपण, खताचे खड्डे, बियाण्याची निवड ही कामे होतात, आणि विहिरीचे पाणी खाली जाताना पाहायला मिळते. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ ही माळव्याची ख्याती ज्यांनी ऐकली आहे त्यांनी एकदा मे महिन्यात यावेच.

१०. धार काढायला पहिल्याच दिवशी मिळेल का?

नाही. पहिला आठवडा गाईची तुमच्याशी ओळख होण्यासाठी असतो. तुम्ही खरारा करता, वैरण टाकता, नावाने हाक मारता; मग एक दिवस ती तुमच्या येण्याने कान हलवते पण पाय उचलत नाही. त्यानंतर आधी रबरी हातमोज्याच्या बोटाला भोक पाडून पाण्यावर सराव.

प्रत्यक्ष धार मूठ पद्धतीने काढायची. अंगठा व तर्जनीने सडाचा वरचा भाग बंद करायचा, म्हणजे आतले दूध परत कासेत चढत नाही, आणि मग उरलेली बोटे वरून खाली एकेक करून मिटायची. अंगठा दुमडून त्याच्या सांध्याने दाबण्याची सवय अनेकांना असते. दूध निघते, पण सडाला आतून इजा होते. कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करायची आणि प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घ्यायच्या. त्यात दह्यासारखी गुठळी दिसली तर ती दगडीची (कासेला सूज येण्याच्या आजाराची) सुरुवात समजून लगेच सांगायचे. कास धुतल्यावर जो पान्हा सुटतो तो काही मिनिटेच टिकतो, म्हणून मध्येच फोन पाहणे चालत नाही. धार संपल्यावर गाईपुढे वैरण टाकतो ती लाडाने नव्हे : सडाचे तोंड अर्धा तास तरी पूर्ण मिटत नाही, तेवढा वेळ ती खात उभी राहिलेली बरी, शेणात बसलेली नाही.

आमच्या दोन गाई मालवी आहेत. ही जात मुळात ओढकामाची, दूध बेताचे. अंगठा दुखून येईपर्यंत दाबूनही लोटाभरच निघाले तर तो दोष तुमचा असेलच असे नाही.

११. कंपोस्ट खत शिकायचे आहे. ‘इंदूर पद्धत’ म्हणतात ती हीच का?

हो, आणि ती ज्या गावाच्या नावाने जगभर ओळखली जाते त्या गावातच पुष्कळांना ती ठाऊक नसते, याची आम्हाला नेहमी गंमत वाटते. ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून १९३१ पर्यंत इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत, म्हणजे आजच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात, ही पद्धत बसवली. त्यांचे सहकारी यशवंत वाड हे त्या कामात बरोबरीने होते आणि या पद्धतीवरचे १९३१ चे पुस्तक दोघांच्या नावावर आहे. कापसाची पऱ्हाटी, गवत, पाचोळा जाळून टाकायचा आणि शेण गोवऱ्यांत घालवायचे, या सवयीला त्यांनी पर्याय शोधला.

आमच्याकडे खड्डा दोन फूट खोल असतो. पावसाळ्यात पाणी साचते म्हणून तोच ढीग जमिनीवर रचतात. तळाशी पऱ्हाटी व तुरीची खुंटे, त्यावर मिसळलेला पालापाचोळा व गोठ्यातला तुडवलेला भुसा, त्यावर शेणाचा पातळ काला, आणि वर गोमूत्र शोषलेली गोठ्यातली माती व थोडी राख, असे थर. पाणी इतके की मूठभर माल पिळला असता हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसून पाहायची. ती हातात धरवली नाही तर ढीग ‘लागला’. सळई गार आली तर बहुधा पाणी जास्त झाले असते किंवा माल दाबून भरलेला असतो. पंधरा दिवसांनी, महिन्याने आणि दोन महिन्यांनी असा तीनदा ढीग वरखाली करायचा, आणि साधारण तीन महिन्यांत पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाचे काळे खत तयार होते.

शिकाऊ व्यक्ती आली की तिच्या नावाचा एक ढीग रचला जातो. चार आठवड्यांनी जाणाऱ्यांना तो अर्धवट सोडावा लागतो आणि पुष्कळदा त्या ढिगासाठीच ती माणसे परत येतात.

जीवामृतही शिकवले जाते : २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, प्रत्येकी २ किलो गूळ व डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती, सावलीत दोन दिवस, रोज ढवळून. ते विरजणासारखे आहे, खतासारखे नाही. त्याच्या जोरावर उपाशी जमीन पोसली जाईल असे आम्ही सांगत नाही.

१२. इंदूरमध्ये ओल्या कचऱ्याचे खत मुबलक असताना तुम्ही ते का वापरत नाही?

शहरातील वर्गीकरणाची शिस्त उत्तम आहे आणि देवगुराडियाचा, रोज ५५० टन ओला कचरा घेणारा, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प तर दाखवण्यासारखाच आहे. परंतु लाखो घरांच्या कचऱ्यात कुठे एखादी बॅटरी, काचेचा तुकडा, रंगाचा डबा गेला नसेल याची खात्री शेतकरी देऊ शकत नाही, आणि सेंद्रिय शेतीत बाहेरून आणलेल्या प्रत्येक वस्तूचा जाब आम्हालाच द्यावा लागतो. बागेतल्या कुंड्यांसाठी ते खत अवश्य वापरावे.

१३. तुमची शेती प्रमाणित सेंद्रिय आहे का, की नुसतेच म्हणायचे?

आम्ही पीजीएस-इंडिया पद्धतीत आहोत. तिच्यात किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करतो. निर्यातीसाठी जी त्रयस्थ तपासणीची राष्ट्रीय व्यवस्था २००१ पासून आहे, तिचा खर्च व कागदपत्रे आमच्या आकाराला परवडणारी नाहीत. त्या व्यवस्थेत हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळझाडांसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे रूपांतराचा काळ धरला जातो. शिकाऊ व्यक्तीला आमची नोंदवही लिहावी लागते, कारण कोणत्या तुकड्यात काय, कधी आणि कुठून आणून टाकले हे न लिहिता सेंद्रिय म्हणणे म्हणजे खरोखर नुसतेच म्हणणे.

१४. जनावर आजारी पडले तर प्रतिजैविके देता का? मग सेंद्रिय कसले?

देतो. सेंद्रिय पद्धतीचा अर्थ जनावराला तडफडत ठेवणे असा नाही. रोज किंवा वाढीसाठी औषध देणे निषिद्ध आहे. आजारात पशुवैद्यांनी लिहून दिलेले औषध देणे निषिद्ध नाही. औषधाच्या वेष्टनावर दूध न वापरण्याची जी मुदत असते तिच्या दुप्पट दिवस आम्ही त्या गाईचे दूध घरात, विक्रीत किंवा वासरांना वापरत नाही. तिच्या गळ्यात लाल फडके बांधलेले असते. ते फडके दिसूनही दूध चरवीत मिसळले तर सगळी चरवी ओतून द्यावी लागते. असे एकदा झाले आहे आणि ज्याच्या हातून झाले त्याने ते लगेच सांगितले, म्हणून पुढचे टळले.

लसीकरण टाळले जात नाही : लाळ्या खुरकूत वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर घटसर्प व फऱ्या, शेळ्यांना पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस. महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, ही आमच्यासाठी फार मोठी सोय आहे.

१५. येताना गाईंसाठी शिळ्या पोळ्या, पुऱ्या, गूळ आणू का?

कृपया आणू नका. नैवेद्याची एक पोळी किंवा गुळाचा खडा याला हरकत नाही. पिशवीभर पोळ्यांना आहे. दोन हिवाळ्यांपूर्वी जवळच्या नात्यातल्या मुंजीतून उरलेला भात आणि पुऱ्या आल्या. शिकायला आलेल्या मुलाने, अन्न वाया जाऊ नये या सद्भावनेने, त्या रात्री त्या एकाच गाईपुढे ठेवल्या, कारण तीच आवडीने खात होती. सकाळी ती रवंथ करत नव्हती. डावी कूस फुगलेली, शेण पातळ व आंबूस वासाचे, डोळे खोल गेलेले. पिठूळ अन्न एकदम पोटात गेले की कोठीपोटात आम्ल वाढते आणि तिथले जीवजंतूच मरतात. गाय या आजाराने दगावू शकते. ही वाचली, पण तीन दिवस डॉक्टरांच्या खेपा झाल्या आणि दूध पुढे महिनाभर भरले नाही. तेव्हापासून गोठ्यात बाहेरचे अन्न नेण्यास मनाई आहे. आणायचेच असेल तर मक्याच्या कणसांची हिरवी साले किंवा मटाराची टरफले आणावीत, आणि तीही आम्हाला विचारून घालावीत.

१६. जनावरांपासून माणसाला कोणते आजार होऊ शकतात?

ब्रुसेलोसिस, लेप्टोस्पायरोसिस, गजकर्ण आणि रेबीज हे चार लक्षात ठेवावेत. म्हणून कच्चे दूध कोणी पीत नाही. व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराच्या वारेला उघड्या हाताने शिवायचे नाही. हाताला जखम असेल तर हातमोजे. गरोदर स्त्रियांना व्याण्याच्या कामापासून पूर्ण दूर ठेवले जाते. येण्यापूर्वी धनुर्वाताची लस घेतलेली असावी. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. गाय घास अडकल्यासारखी लाळ गाळत असेल तर तिच्या तोंडात हात घालून पाहायचा मोह आवरावा. तो रेबीजही असू शकतो.

१७. साप असतात का?

असतात. घोणस, नाग, मण्यार तिन्ही पाहिले आहेत. वैरणीच्या ढिगात काठी आपटल्याशिवाय हात घालायचा नाही, रात्री बॅटरी व गमबूटाशिवाय बाहेर पडायचे नाही, जमिनीवर झोपायचे नाही. दंश झाल्यास आवळून बांधणे, कापणे, चोखणे यांपैकी काही न करता तो अवयव न हलवता तडक रुग्णालय. १०८ आणि आमची गाडी यांपैकी जे आधी मिळेल ते. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात प्रतिविषाचे उपचार मिळतात. मांत्रिकाचा पत्ता गावात कोणीतरी सुचवेलच. तो ऐकून घ्यावा आणि गाडीत बसावे.

१८. कोणती कामे शिकाऊ व्यक्तीला मुळीच दिली जात नाहीत?

विजेच्या कुट्टी मशीनमध्ये वैरण सारणे, ट्रॅक्टर चालवणे, विहिरीत किंवा गोबरगॅसच्या टाकीत उतरणे, आणि बैलाला वेसण घालणे. गोबरगॅसच्या टाकीत वास येत नाही म्हणून वायू नाही असे नसते. या यादीवर चर्चा होत नाही.

१९. गोऱ्ह्यांचे आणि भाकड गाईंचे काय करता? शेळ्या-कोंबड्या मांसासाठी विकता का?

हा प्रश्न येतो तो बहुधा आल्यानंतर, आणि दबक्या आवाजात. मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्याने गोवंशहत्येला बंदी आहे. गोऱ्ह्यांपैकी एक-दोन आम्ही जोडीसाठी वाढवतो, बाकीचे ओळखीच्या, खरोखर बैलांनी नांगरणाऱ्या शेतकऱ्यांना देतो. असे शेतकरी दरवर्षी कमी होत आहेत आणि यावर आमच्याकडे नीटसे उत्तर नाही. भाकड गाय शेतीवरच राहते. तिच्या वैरणीचा खर्च दुधाच्या भावात धरावा लागतो, आणि आमचे दूध महाग का या प्रश्नाचे अर्धे उत्तर तेच आहे.

बोकड विकले जातात आणि ते कशासाठी जातात हे आम्ही लपवत नाही. कडकनाथ कोंबडे झाबुआकडच्या गिऱ्हाइकांना जातात; २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी चांगली आहे. कडकनाथ कोंबडी अंड्यांवर नीट बसत नाही, म्हणून तिची अंडी गावठी कोंबडीखाली उबवावी लागतात. एकविसाव्या दिवशी पांढऱ्या आईखालून काळी पिल्ले निघतात तेव्हा शिकाऊ मंडळी काम सोडून पाहत बसतात, आणि आम्हीही काही बोलत नाही. ज्याला ही विक्री पटत नाही त्याने त्या दिवशी बाजूला राहावे; ज्या करडाला तुम्ही बाटलीने दूध पाजले त्याचे नाव ठेवायचे की नाही, हेही ज्याचे त्याने ठरवावे.

२०. प्रमाणपत्र मिळते का? बी.एस्सी. कृषीच्या ‘रावे’साठी चालेल का?

काय काय काम केले याचे सविस्तर पत्र मिळते. ‘रावे’ची (अभ्यासक्रमातील ग्रामीण कृषी कार्यानुभवाची) गावे व यजमान महाविद्यालयच ठरवते, त्यामुळे आमच्या पत्राने ती गरज परस्पर भागत नाही. सुट्टीत वेगळे येऊन शिकण्यास अर्थातच हरकत नाही.

२१. मराठी बोलून निभेल का?

घरात मराठी, शेतात माळवी, बाजारात हिंदी. आमच्याकडे तीस वर्षे काम करणारे काका पेंडीला ‘खली’ म्हणतात आणि लसूणघासाला ‘रजका’. त्यांच्याशी मराठीत बोललात तरी त्यांना सर्व कळते, फक्त उत्तर माळवीत येते. त्यांना ‘काकाजी’ म्हणावे, नावाने हाक मारू नये. जनावरांविषयीचे त्यांचे म्हणणे आमच्या म्हणण्याशी जुळले नाही तर आधी त्यांचे ऐकावे.

२२. माझा कुत्रा सोबत आणू का? परदेशी मित्र आला तर?

कुत्रा नको, शेळ्या बिथरतात आणि लसीची खात्री असली तरी गोचिडांची नसते. परदेशी व्यक्तीच्या मुक्कामाची नोंद यजमानाला २४ तासांत ऑनलाइन करावी लागते आणि व्हिसाच्या प्रकारावर काम करता येईल की नाही हे ठरते, म्हणून किमान दोन महिने आधी लिहावे.

२३. मध्येच जावेसे वाटले तर?

जावे. दहाव्या-बाराव्या दिवशी बहुतेकांना तसे वाटते. तेव्हा हात सोललेले असतात आणि नवलाई संपलेली असते. फक्त संध्याकाळच्या धारेनंतर सांगावे, धारेच्या वेळी नाहीसे होऊ नये. जेवणाचे उरलेले पैसे परत मिळतात. रविवारच्या सुट्टीला म्हणून गेलेले आणि परत न आलेले दोघेजण आहेत. त्यांचे गमबूट अजून ओसरीवर आहेत, माप आठ आणि नऊ; कुणाला बसत असतील तर वापरावेत.

२४. शिकून झाल्यावर इंदूरजवळ जमीन घ्यावी म्हणतो. महाराष्ट्रातला, शेतकरी नसलेला माणूस घेऊ शकतो का?

महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. मध्य प्रदेशात तशी सरसकट अट नाही, आणि पुण्याकडून येणाऱ्या पत्रांमागे बहुधा हीच गोष्ट असते. मात्र आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला घेण्यावर १९५९ च्या भू-राजस्व संहितेतील कलम १६५ चे कडक निर्बंध आहेत, आणि महूच्या पुढे अशी जमीन पुष्कळ आहे. स्वस्त दिसणारा तुकडा कोणाच्या नावावर आहे ते खसरा व बी-१ या जमिनीच्या सरकारी नोंदींमध्ये आधी पाहावे. पहिली दोन वर्षे जमीन भाड्याने घेऊन कसणे, एकाच गाईने सुरुवात करणे, आणि स्वतः गावाला गेल्यास धार कोण काढणार हे आधी ठरवणे, असा आमचा सल्ला असतो. विकणारा जमीन दिवाळीनंतर दाखवतो, तेव्हा विहिरी भरलेल्या आणि गहू हिरवागार असतो. मे महिन्यात पुन्हा जाऊन विहिरीत दोर सोडून पाहावा आणि मगच इसार द्यावा.